सवलतीचे शनिवार

भौतिकशास्त्राच्या बाईंनी तास संपल्यावर मला थांबायला सांगितलं. गिम्नासियममध्ये, म्हणजे जर्मनीत विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेत, येऊन मला जेमतेम महिना झाला होता. त्याआधी मी रेआलशुलमध्ये होते. तिथून बहुतेक मुलं कामधंदा शिकायला जातात, विद्यापीठाकडे फारसं कुणी फिरकत नाही. माझे गुण बरे म्हणून वरच्या वर्गांसाठी मला इकडे पाठवलं होतं. इथली मुलं प्रश्न पुरा व्हायच्या आत हात वर करायची आणि मी पडले मुखदुर्बळ. जर्मन शाळेत जवळजवळ निम्मे गुण वर्गात तोंड उघडण्याला असतात. आमच्या घरची शिकवण अशी, की शिक्षकांपुढे तोंड उघडायचं ते विचारल्यावरच. तेव्हा बाई आता माझी चांगली हजेरी घेणार, याविषयी मला शंका नव्हती.

बाईंनी हजेरी घेतली नाही. बाकावर माझ्या शेजारी बसल्या आणि विचारलं, अबिटूर, म्हणजे शाळेची शेवटची परीक्षा, झाल्यावर पुढे काय? मी म्हटलं, आउसबिल्डुंग. आमच्याकडे ते ठरल्यातच जमा होतं. बाबा ज्या कारखान्यात होते तिथेच काम शिकायचं, पहिल्या महिन्यापासून पगार घ्यायचा आणि मग कायमचं चिकटायचं. बाई म्हणाल्या, "हे घरच्यांचं झालं. तुझं काय?" असं मला तोवर कुणी विचारलं नव्हतं. पण तोंडातून निघून गेलं, की मला यंत्रं नुसती चालवायची नाहीत, ती तशी का चालतात ते शिकायचंय.

मग त्यांनी मला शनिवारच्या वर्गाबद्दल सांगितलं. शहरातल्या विद्यापीठात अकरावी-बारावीच्या मुलांसाठी एक कार्यक्रम सुरू झाला होता. ज्यांच्या घरातलं कुणीच आजवर विद्यापीठाची पायरी चढलेलं नाही, त्यांच्यासाठी. दर शनिवारी वर्ग, प्रत्येक गटाला एक मोठी विद्यार्थिनी नाहीतर विद्यार्थी वाट दाखवायला, उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन आठवडे खऱ्या प्रयोगशाळेत काम, आणि पुढे प्रवेशाच्या वेळी सगळ्या खटपटीत सोबत. "मी तुझं नाव देऊ का?" बाईंनी विचारलं. मी हो म्हटलं आणि घरापर्यंत जवळजवळ पळत गेले.

आता बाबांबद्दल सांगायला हवं. बाबा डाय फिटर. आयटीआय करून पिंपरीच्या एका कंपनीत लागले, कंपनीने साचे बसवायला काही महिन्यांसाठी जर्मनीला पाठवलं आणि इथल्या लोकांनी त्यांना ठेवून घेतलं. मी दहा वर्षांची असताना आई आणि मी मागून आलो. आई सातवी शिकलेली, सकाळी एका किंडरगार्टनच्या स्वयंपाकघरात कामाला जायची. बाबा कमी बोलायचे, पण बोलले की तोच कायदा. मी तेव्हा सोळा वर्षांची होते आणि कायदा मोडायचं वय तेच असतं.

रात्री जेवताना मी सगळं एका दमात सांगितलं. बाबांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला.

"कुणासाठी आहे म्हणालीस?"

"ज्यांच्या घरात कुणी विद्यापीठात गेलेलं नाही त्यांच्यासाठी."

"म्हणजे सवलत."

"सवलत नाही हो बाबा, प्रोग्राम आहे. प्रवेशाला गुण सगळ्यांना सारखेच लागतात. हे नुसतं शिकवतात, दाखवतात."

"नाव काय पण देऊ देत. सगळ्या पोरांतनं तुम्हाला बाजूला काढून बसवणार, व्हय ना? मग ती सवलतच. माझी पोर त्यात जाणार नाय. जायचं तर सगळ्यांसारखी जा. नायतर माझ्या कारखान्यात ये. तिथं हातातलं काम बघतात. बाकी कुणी काय विचारत नाय."

मी वाद घातला. जर्मनी आहे ही, इथे कुणाला काय ठाऊक, इथे तुर्की मुलं येतात, पोलिश येतात, जर्मन पण येतात. पालथ्या घड्यावर पाणी. बाबांनी उरलेली भाकरी खाल्ली, ताट उचललं आणि टीव्हीसमोर जाऊन बसले.

भांडी पुसताना आईने मला जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं. आयटीआयच्या आधी बाबांना जिल्ह्याच्या गावी पॉलिटेक्निकला जागा मिळाली होती. राखीव जागा. गावातून तिथवर पोचलेले ते पहिलेच. वसतिगृहातली पोरं त्यांना नावाने हाक मारायची नाहीत. "सरकारी जावई" म्हणायची. ताट घेऊन रांगेत उभे राहिले की म्हणायची, जावईबापूंना आधी वाढा. पहिलं वर्ष संपायच्या आत बाबा शिक्षण सोडून घरी आले. "दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकपण फुंकून पितो," आई म्हणाली. "तुझ्या वाट्याला ते येऊ नये एवढंच बघतायत."

मला वाईट वाटायला हवं होतं. मला संताप आला. "म्हणजे त्यांना त्या पोरांनी छळलं आणि शिक्षा मी भोगायची?"

आईने पुसलेली ताटं फळीवर लावली. चार दिवसांनी बाईंनी दिलेला संमतीचा कागद मी तिच्यापुढे ठेवला. आई किंवा बाप, एकाची सही चालत होती. इथे आईचा हात थरथरला असं लिहिलं तर बरं दिसेल, पण नाही थरथरला. तिने नाव मराठीत लिहिलं, ठळक, आणि म्हणाली, "त्यांना मी सांगते. तू मधे बोलू नको." तिने काय सांगितलं ते मला कळलं नाही. बाबा मला एवढंच म्हणाले, "करा काय करायचं ते. मला विचारू नका."

हे इतक्यावर राहिलं असतं. पण त्याच महिन्यात गणपती आले.

आमच्या शहरातलं मराठी मंडळ म्हणजे दोन-तीन डझन कुटुंबं. गाड्यांच्या कंपन्यांतले इंजिनिअर, काही सॉफ्टवेअरवाले. भाड्याच्या हॉलमध्ये गणपती बसायचा, मुलांची नाटुकली व्हायची, मग महाप्रसाद. माणसं चांगली होती. अडीअडचणीला धावून येणारी, विमानतळावर घ्यायला जाणारी. पण नव्या माणसाला विचारायच्या प्रश्नांचा क्रम ठरलेला होता. कोणत्या कंपनीत? मग, कोणत्या कॉलेजचे? मग, मूळचे कुठले, आणि तिकडे तर आमच्या ओळखीचे अमुक-तमुक, ते तुमच्यातलेच का? आईने या सगळ्याला एक उत्तर बसवलं होतं, "हे कंपनीत आहेत." एवढं म्हणून ती हातात पडेल ते काम उचलायची. काम करणाऱ्या बाईला पुढचं कुणी विचारत नाही. आमचं आडनाव कुठल्याही खात्यात खपण्यासारखं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे आईचं धोरण आणि ते वर्षानुवर्षं चाललं होतं.

त्या दिवशी वाढायला एक काकू होत्या. पुण्याच्या, नवरा मोठ्या हुद्द्यावर, स्वभावाने मोकळ्या. मी नवीन आले तेव्हा त्यांनीच मला जर्मनची पुस्तकं दिली होती, हे मी विसरलेले नाही. त्यांचा मुलगा माझ्या वयाचा. त्याला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर जर्मनमध्ये द्यायचा. मसालेभात वाढता वाढता काकू बायकांना सांगत होत्या, की त्याची विद्यापीठाने हुशार मुलांच्या गटात निवड केलीये, शाळेत असतानाच तो तिथल्या लेक्चर्सना बसणार.

"आणि आल्झो, तर गंमत काय माहितीये का? त्याच इमारतीत शनिवारी दुसरा एक वर्ग असतो म्हणे. ज्यांच्या घरी शिक्षणच नाही त्यांच्यासाठी. आता बोला! आपण तिकडच्या सवलतींना कंटाळून इथे आलो, तर इथेही तेच. किती जणांना असं उचलून धरणार हे लोक?"

बायका हसल्या. हसण्यात विष नव्हतं. ज्यात सगळे आपलेच आहेत अशा खोलीत माणसं हसतात, तसं ते हसणं होतं. बाबा ताट घेऊन रांगेत उभे होते. त्यांनी वर पाहिलं नाही. ताटातल्या वरणाकडे पाहत राहिले.

मला त्यांचं ते मान खाली घालणं सहन झालं नाही. मी म्हटलं, "काकू, मी जाते त्या वर्गाला."

"तू? अगं, तू कशाला? तुझे बाबा तर कंपनीत..."

"बाबा आयटीआय झालेत. आई सातवी. आमच्या घरातून विद्यापीठात जाणारी मीच पहिली असेन. असल्यांसाठीच तो वर्ग आहे."

मुखदुर्बळ मुलीचं तोंड उघडलं ते असं.  काकू सावरून म्हणाल्या, "अगं, छान, छान. शिकावं गं माणसाने. मसालेभात घे ना." मसालेभात खरोखरच चांगला झाला होता. मी दोनदा घेतला. बाबांनी ताट टेबलावर ठेवलं आणि गाडीत जाऊन बसले.

घरी जाताना आई म्हणाली, "उचलली जीभ आणि लावली टाळ्याला! काय गरज होती?" बाबांनी सिग्नलला गाडी थांबवली. मग समोर बघतच म्हणाले, "माझं जातप्रमाणपत्र वाचून दाखवलंस गणपतीसमोर."

"मी जातीबद्दल एक अक्षर बोलले नाही बाबा."

"तुला बोलावं लागत नाय. त्यांना तेवढं पुरतं. बाकीचं ते जुळवतात."

मला ते अतिरेकी वाटलं. आयटीआय म्हणजे आयटीआय, त्यातून कुणी काय जुळवणार? पण बाबांना ती माणसं माझ्यापेक्षा जास्त कळत होती.

शनिवार सुरू झाले. हिवाळ्यात सकाळी अंधारातच ट्राम पकडायची. आमच्या गटात एक मुलगी होती, तिची आई रेल्वेचे डबे झाडायची. एकाचे वडील ट्रक चालवायचे. आम्हाला जी वाट दाखवायला होती ती शेवटच्या वर्षाची, एका बेकरीवाल्याची मुलगी, दणदणीत आवाजाची. ती गणित शिकवायचीच, पण तिचा खरा विषय वेगळा होता. ती म्हणायची, विद्यापीठात हुशारीने कुणी अडत नाही, दार वाजवायच्या भीतीने अडतं. म्हणून ती आम्हाला एकेकट्याला खऱ्या प्राध्यापकाचं दार वाजवायला पाठवायची. आत जायचं, नाव सांगायचं, एक प्रश्न विचारायचा, बाहेर यायचं. नुसतं दार वाजवायला मी दोन शनिवार घेतले. पहिल्या शनिवारी दारापर्यंत जाऊन पाटी वाचली आणि परत आले. ती हसली नाही. म्हणाली, "गेनाऊ, बरोबर, पाटी झाली. पुढच्या वेळी दार."

मग तिने मोठ्या सभागृहातल्या व्याख्यानाला नेलं आणि सांगितलं, प्रत्येकाने एकदा तरी हात वर करायचा. मी केला. प्राध्यापक माझा प्रश्न ऐकून म्हणाले, त्याचं उत्तर पुढच्याच पानावर आहे. थोडे लोक हसले. मी खाली बसले आणि माझ्या लक्षात आलं, की मी मेलेबिले नाहीये. कान गरम झाले होते, एवढंच. त्यानंतर शाळेतही मी बोलायला लागले. आधी कमी, मग इतकी की बाईंना मला थांबवावं लागायचं. तोंडी गुण चढत गेले. मला त्या इमारतीचा वास आवडू लागला, तेलाचा आणि खडूचा. तिथे मी आत येते आहे, कुणाच्या परवानगीने उभी नाही, असं हळूहळू वाटू लागलं होतं.

बाबा शनिवारी मला बूट घालताना पाहायचे आणि मान फिरवायचे. वर्गाचं नाव घरात निघत नसे. वसंतात एकदा ते म्हणाले, "फोरमनला विचारलंय मी. आउसबिल्डुंगची जागा पुढच्या वर्षासाठी धरून ठेवतो म्हणाला. सुट्टी संपायच्या आत सांगायला लागंल." मी म्हटलं, सांगते. आमच्या दोघांत तो न बोललेला करारच झाला. उन्हाळ्यातले दोन आठवडे प्रयोगशाळेत काढायचे आणि मग ठरवायचं. मी मनात ठरवलेलंच होतं. बाबांनीही त्यांच्या मनात ठरवलेलं होतं, फक्त उलटं.

प्रयोगशाळेत आमच्या गटाबरोबर हुशार मुलांचा गटही घातला होता. काकूंचा मुलगा त्यात होता. पहिल्या दिवशी "हालो" म्हणाला आणि आपल्या टेबलाकडे गेला. कामात फिरता दांडा होता. तो नीट तोललेला नसला की थरथरतो, ती थरथर मोजायची आणि कुठे किती वजन लावलं तर थांबेल ते काढायचं. मला ते काम फार आवडलं. दांडा शांत झाला की माझ्याही अंगातून काहीतरी शांत व्हायचं. पहिला आठवडा असा गेला, की मी जेवायचं विसरायचे.

दुसऱ्या आठवड्यात सगळे मोठ्या टेबलाभोवती बसलो होतो. आमच्यावर देखरेख करणारा पीएचडीचा विद्यार्थी होता. शेवटच्या दिवसांत मोठ्या चाचणीयंत्रावर थोड्याच जणांना काम मिळणार होतं. त्याने नावं वाचली, त्यात माझं होतं. हुशार गटातला एक जर्मन मुलगा सहज म्हणाला, "ती का? ती तर शनिवारवाल्यांतली आहे ना?"

काकूंच्या मुलाने खांदे उडवले. जर्मनमध्ये म्हणाला, "तिचं तसंच असतं. भारतात तिच्या लोकांना सगळीकडे राखीव जागा असतात, गुण असोत नसोत. इथे आता हे. आई सांगत होती."

"खरंच? म्हणजे कसं?" त्या मुलाने विचारलं. आणि हा सांगू लागला. टेबलावर बोटाने दोन रेघा ओढल्या, इकडचे लोक, तिकडचे लोक, माझ्याकडे हात करून, मी उदाहरण असल्यासारखं. तो दुष्ट नव्हता. घरी ऐकलेलं सांगत होता, आज पाऊस येणार म्हणतात तसं. पीएचडीवाल्याला त्यातलं काहीच कळलं नाही. तो कौतुकाने म्हणाला, "किती वेगळी माहिती आहे ही!" आमच्या गटातली ती रेल्वे झाडणारीची मुलगी माझ्याकडे पाहत होती, की ही आता बोलेल. गणपतीच्या हॉलमध्ये तर बोललेही होते मी.

 जी गोष्ट मी आठ तासांच्या विमानप्रवासामागे राहिली असं धरून चालले होते, ती माझ्याआधी येऊन खुर्ची धरून बसली होती. मी डोळ्यांवरचा प्रयोगशाळेचा चष्मा काढून टेबलावर ठेवला, पिशवी घेतली आणि बाहेर पडले. कुणी अडवलं नाही. शौचालयाला चालले असेन असं वाटलं असेल.

ट्राममध्ये मी रडले नाही. उलट मोकळं वाटत होतं आणि तेच वाईट होतं. बाबांचंच खरं, आता वाद संपला. कारखान्यात हातातलं काम बघतात. संध्याकाळी सांगते, धरून ठेवलेली जागा घेते म्हणून. पाठीवरचं ओझं उतरल्यासारखं मी तीन थांबे हे घोळवत होते.

बाबांची श्पेटशिष्ट होती, म्हणजे दुपारची शिफ्ट. ते जेवायला बसले होते, आई गरम भाकरी वाढत होती. मी दारातच उभी राहून सगळं सांगितलं. तो मुलगा काय म्हणाला ते शब्द न शब्द. शेवटी म्हटलं, "बाबा, तुम्ही म्हणत होता ते बरोबर होतं. फोरमनला हो म्हणून सांगा."

मला वाटलं होतं ते म्हणतील, मी सांगत नव्हतो? मला ते ऐकायचंही होतं. आईचे डोळे भरले. "ये गं, ये आत. हात धू. दोन घास खा आधी, मग बघू."

"तिला वाढू नको," बाबा म्हणाले.

"अहो!"

"वाढू नको म्हणतोय ना. आणि तू, बूट काढू नको."

त्यांनी अर्धी भाकरी तशीच ठेवली, हात धुतला, बूट चढवले. आई तवा सोडून मागे आली. "अहो, पोर उपाशी आहे सकाळपासनं."

"राहू दे उपाशी. चल."

ते मला कुठे नेतायत हे कळायला मला ट्राम यावी लागली. कामावर नेणारी त्यांच्या सहकाऱ्याची गाडी कोपऱ्यावर थांबलेली असायची. त्याला त्यांनी फोन करून एवढंच सांगितलं, "आज नाही. घरचं काम आहे." बाबांनी शिफ्ट बुडवलेली मी कधी पाहिली नव्हती. तापातही जायचे. ट्राममध्ये ते दारापाशी उभे राहिले. मी रागावले होते. मला वाटत होतं, हे आता त्या मुलाला जाब विचारणार, तिथे तमाशा होणार. दोनदा म्हटलं, "बाबा, नको." त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

इमारतीसमोर आम्ही उतरलो. बाबा तिथे पहिल्यांदाच येत होते. दार मोठं, काचेचं. आतून मुलं ये-जा करत होती. ते दारापासून जरा अलीकडे थांबले आणि कितीतरी वेळ त्या काचेकडे पाहत राहिले. मग बोलले ते माझ्याकडे न बघता.

"मीपण असाच आलो होतो. येष्टीनं. भर दुपारचा. आबा ओट्यावर बसले होते. मी सांगितलं, काय काय म्हणतात पोरं ते. आबा रडले. मला पोटाशी धरलं. म्हणले, आलास ते बरं केलंस लेकरा, आपल्याला नाय सोसायचं असलं. आईनं कोंबडी कापली. चुलते आले, शेजारचे आले. सगळ्यांनी लई माया केली माझ्यावर."

त्यांनी खिशातून हात काढले, परत घातले.

"मी पडून असायचो माळवदावर. मनात म्हणायचो, आज कुणीतरी म्हणंल, ऊठ, जा परत. उद्या म्हणंल. परीक्षा झाली. निकालपण लागला असंल. कुणीच म्हणलं नाय. मायेनं नाय म्हणले." आता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "त्यांनी मला हाकलून द्यायला पायजे होतं गं."

 आईने सांगितल्यापासून मी समजत होते, की त्या पोरांनी बाबांचं शिक्षण तोडलं. त्यांच्या घरी त्यांच्यासाठी शिजलेलं ते जेवण माझ्या डोळ्यांसमोर आलं. मी पुढे होऊन त्यांना धरायला गेले, तर ते झटकन एक पाऊल मागे सरले.

"लाड नकोत आता. त्या पोराला काय बोलायचं ते तुझं तू बघ. बोल, नायतर नको बोलू. पण तुझ्या जागेवर जाऊन बस. जा."

मी गेले. दार जड होतं, खांद्याने ढकलावं लागलं. मी मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं, तर मी त्यांना घरी घेऊन गेले असते.